रफूच्या ब्लॉगचा एक वाचक

गल्लीत तिला सगळे टाकेमावशी म्हणत. कुरतडलेला स्वेटर, सिगरेटने भोक पडलेली पँट, कोपरावर विरलेला कोट, काहीही आणा, ती ते डोळ्यांजवळ धरून नुसतं हुंकारायची. परत न्यायला गेलं की भोक नेमकं कुठे होतं ते मालकालाच शोधावं लागायचं. खाली दुकान, वर एक खोली आणि दोन्हींना जोडणारा लाकडी जिना, एवढाच तिचा पसारा. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. माझ्याशी बोलायला सुई आहे, असं ती म्हणायची, आणि ती कधी उलटून बोलत नाही.

ब्लॉग तिने हौसेने सुरू केला होता. समोरच्या चष्मेवाल्याने तो उघडून दिला. पहिल्या लेखांत मावशीने काळ, माणूस आणि वस्त्र यांवर एवढं लांबलचक लिहिलं की वाचणारा एकटा चष्मेवालाच उरला, तोही दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा.

मग भाची आली. धाकट्या बहिणीची मुलगी. बहिणीशी मावशीचं बोलणं केव्हाच तुटलेलं होतं, त्यामुळे ही मुलगी तिने लहानपणीच काय ती पाहिलेली. एका सकाळी दुकान उघडायला मावशी खाली आली तर ती पायरीवर बसलेली. अंगावर थंडीत न पुरणारे कपडे, मांडीवर एक पिशवी, डाव्या मनगटाला पट्टी. काय झालं ते तिने एकदाच सांगितलं. तिचा हात चौकटीवर धरून नवऱ्याने दार लावलं होतं. मावशीने पुढे काही विचारलं नाही. वरच्या खोलीत दुसरी गादी घातली आणि ही माझी नवी कामवाली मुलगी, असं गल्लीला सांगून टाकलं. नवऱ्याला मावशीचा पत्ता ठाऊक नव्हता. बायकोची एक मावशी कुठेतरी रफू करते, एवढंच त्याच्या कानावर होतं.

हात बरा होईपर्यंत भाचीला काही काम नव्हतं. लग्नाआधी ती दुसऱ्यांच्या वेबसाइट लिहून द्यायची. एकदा तिने मावशीचा ब्लॉग वाचला आणि आल्यापासून पहिल्यांदाच हसली.

ती म्हणाली, "मावशी, तू लिहितेस चांगलं, पण दार लावून लिहितेस. लोकांना आत येऊ दे."

मग तिने ब्लॉग हातात घेतला. आधी शीर्षकं बदलली. 'वस्त्र आणि विरणं' काढून तिथे 'कोटाच्या कोपराला रफू कसा करावा' असं लिहिलं, कारण लोक शोधताना तेच शब्द लिहितात, आणि जे शोधलं जातं तेच सापडतं. लांब परिच्छेद तोडले, फोनवर वाचणाऱ्याचा श्वास अडकू नये म्हणून. लेख टाकण्याआधी मोठ्याने वाचायचा आणि जिथे जीभ अडखळेल तिथे कात्री लावायची, ही सवय मावशीला लावली. दुसरीकडून उचललेली चित्रं काढून खिडकीच्या उजेडात स्वतःच्या कामाचे फोटो काढायला शिकवलं. गुरुवार ठरवला, कारण वाचक म्हणजे दूधवाल्याची वाट पाहणारं मांजर, वार चुकला की दुसऱ्या घरी जातं. 'माझ्याविषयी' हे पान नव्याने लिहिलं, त्यात गावाचं नाव घातलं आणि प्रतिक्रिया देणाऱ्या प्रत्येकाला नावाने, आपुलकीने उत्तर द्यायचं, हेही पढवलं.

मुख्य म्हणजे, ज्ञान कमी आणि जगणं जास्त. तुझा दिवस कसा जातो ते लिही, असं ती सांगायची.

मावशी लिहू लागली. समोर चष्म्याचं दुकान असल्यामुळे सुई ओवायला अडचण आली की आपण रस्ता ओलांडतो, हे तिने लिहिलं. मंगळवारी दुकान बंद ठेवून सूत आणायला घाऊक बाजारात जाते आणि तेवढा दिवस घर शांत असतं, हेही लिहिलं. वाचक वाढत गेले. अनोळखी बायका आपापल्या फाटक्या कपड्यांचे फोटो पाठवू लागल्या. मावशी उत्तरं लिहिताना एकटीच हसायची, आणि चष्मेवाला म्हणायचा, आता आम्हाला ओळख देशील ना?

वाचकांत एक 'जुनं कापड' नावाचा होता. तो दर गुरुवारी यायचा, आणि त्याचं बोलणं इतकं मऊ असायचं की मावशीला त्याच्या प्रतिक्रियेची वाट पाहायची सवय लागली. फोटोतला उजेड सुरेख आहे, खिडकी पूर्वेकडची का? मावशीने कळवलं, हो, पूर्वेकडची. एवढं काम एकट्याने निभतं का? मावशीने लिहिलं, हल्ली मदतीला एक मुलगी आहे. मंगळवारी तीही बाजारात येते का? मावशीने उत्तर दिलं, नाही, ती घर सांभाळते.

भाचीचं मनगट मोकळं झालं तेव्हा तिने सुई हातात घेतली. पहिलं काम एका कोटाच्या अस्तराचं होतं. मावशीने त्याचा फोटो काढून गुरुवारी लेखात टाकला आणि ही तुरपाई माझ्या मदतनीस मुलीची, असं कौतुकाने लिहिलं.

संध्याकाळी 'जुनं कापड'ची प्रतिक्रिया आली. अस्तराचे टाके उलट्या अंगाला झुकलेले दिसतात, मुलगी डावखुरी असावी. हात चांगला आहे. जपा.

मावशीने फोटो मोठा करून पाहिला. तिचं आयुष्य टाके बघण्यात गेलं होतं, तरी हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तिच्या मनात पाल चुकचुकली. तिने भाचीला हाक मारली आणि फोन तिच्या हातात दिला.

भाचीने वाचलं. फोन पालथा ठेवला. मग दुकानाचं दार आतून लावून ती खाली जमिनीवरच बसली.

"तोच आहे," ती म्हणाली. "दार लावण्याआधी माझा हात हातात घेऊन हेच म्हणाला होता. हात चांगला आहे."

दोघींनी जुन्या प्रतिक्रिया पहिल्यापासून वाचल्या. एकेक सुटी वाचली होती तेव्हा ती चौकशी वाटली होती. आता ओळीने वाचताना तो माणूस रस्ता, खिडकी, मंगळवार असा एकेक पायरी चढत आल्यासारखा दिसत होता, आणि प्रत्येक पायरीवर मावशीने त्याला या बसा म्हटलेलं होतं. भाची सगळं पुसून टाकायला निघाली. हे मीच शिकवलं, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मावशीने तिचा हात धरला.

"पुसलंस तर आपल्याला कळलंय, हे त्याला कळेल. राहू दे. त्याला अजून वाचू दे."

मावशीने त्या प्रतिक्रियेला उत्तरही दिलं. हो, डावखुरी आहे, नजर चांगली आहे तुमची.

दोघी पोलीस ठाण्यात गेल्या. तिथे एक पोलीसबाई होती, आवाज न चढवता बोलणारी. तिने सगळं वाचून घेतलं. शुक्रवारी भाचीला तिने स्वतःच्या गाडीतून नेलं. कुठे, ते मावशीने विचारलं नाही आणि बाईने सांगितलं नाही. न विचारलेलं सांगून टाकण्याची तोंडाला किती खोड असते, हे मावशीला आता ठाऊक झालं होतं.

मंगळवारी दुकान बंद होतं. मावशी बाजारात गेली नाही. ती वरच्या खोलीत शिलाई मशीनपाशी बसली आणि पोलीसबाई दाराच्या मागे. खालचं दार लोटलेलं ठेवलं होतं. सकाळ बरीच वर आल्यावर जिना वाजला. चढणारा घाईत नव्हता. पायरी वाजली की थांबायचा, मग पुढची.

दारात आला तो नीटनेटका माणूस होता. भांग सरळ, बूट पुसलेले, हातावर बायकी कोट टाकलेला. मावशीला पाहून त्याचा चेहरा क्षणभर कोरा झाला, मग तो हसला.

"मी तुमचा वाचक. दर गुरुवारचा."

"दुकान बंद असतं आज," मावशी म्हणाली.

"माहीत आहे. तुम्हीच लिहिलंय." त्याची नजर खोलीभर फिरून दुसऱ्या गादीवर थांबली. "हा कोट उसवलाय. जिचा आहे तिनेच शिवावा, असं मला वाटतं."

त्याने कोट मशीनवर ठेवला. मावशीने तो उचलला आणि तिच्या हातात त्याची बाही वेगळी आली. मग कॉलर. मग पाठ. कोट फाटलेला नव्हता. कुणीतरी बारीक कात्रीने, एकही धागा न ओढता, प्रत्येक शिवण उसवलेली होती. एवढ्या कामाला किती सवड आणि किती थंड डोकं लागतं, ते मावशीइतकं कुणाला कळणार?

पोलीसबाई पुढे झाली. त्याने विरोध केला नाही, आवाजही केला नाही. ठाण्यात बसवून घेतलं, जाबजबाब झाले, भाचीची तक्रार नोंदली गेली. पण कोट उसवणं हा गुन्हा नाही, आणि कुणाच्या जिन्यावर दिवसाउजेडी चढणंही नाही. हाताचं प्रकरण कोर्टात गेलं आणि तोवर या गल्लीत पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम घेऊन तो सुटला. जाताना त्याने मावशीला नमस्कार केला.

भाची कुठल्या शहरात आहे ते त्याला माहीत नव्हतं. ते तसंच राहावं आणि ती इथेच आहे असं त्याला वाटत राहावं म्हणून मावशीने एक गोष्ट ठरवली आणि ती फक्त पोलीसबाईला सांगितली. ती डाव्या हाताने टाके घालायला शिकू लागली. या वयात हात ऐकत नव्हता. बोटं भोसकली गेली, बोट जपणारं अंगुस्तान उलट्या हातात रुतायचं, दोरा गुंतायचा. आपण आयुष्यात पहिल्यांदाच वाईट काम करतोय, असं ती स्वतःशी म्हणायची. पण टाके झुकू लागले, हवे त्या अंगाला. ती त्यांचे फोटो गुरुवारी टाकत राहिली. माझी मुलगी आता माझ्याहून बारीक टाका घालते, असं लिहीत राहिली. गल्लीलाही ती वरच बसून काम करते, असं सांगितलं. खिडकीत दोन पेले ठेवून फोटो काढायची.

त्या नावाने पुन्हा प्रतिक्रिया आली नाही. पण ब्लॉगला कोणत्या शहरातून किती जण आले ते दाखवणारं एक पान असतं, ते बघायला भाचीने शिकवलेलं होतं. गुरुवारी लेख पडला की थोड्याच वेळात त्याच्या शहरातून कुणीतरी येऊन जायचं. मावशी ते पाहायची आणि तिला धीर यायचा. तो वाचतोय म्हणजे तिथे बसलेला आहे.

मग एका गुरुवारी त्या शहरातून कुणी आलं नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. चोराला घराबाहेर पाहून भीती वाटावी त्याहून जास्त भीती मावशीला तो दिसेनासा झाल्यावर वाटली. पोलीसबाईने चौकशी केली. त्याने नोकरी सोडली होती, घराला कुलूप होतं.

त्याच सुमारास चष्मेवाला चहाचा कप घेऊन दुकानात येऊन टेकला. त्याच्या दुकानावरची खोली बरेच महिने रिकामी होती, एजंटाने एकदाचा भाडेकरू आणून दिला, असं तो खुशीत सांगत होता. शांत माणूस, आगाऊ भाडं भरलं, बाहेर फारसा पडत नाही. दिवसभर खिडकीत बसतो.

"लांबचं अंधुक दिसतं म्हणून माझ्याकडून चष्माही करून घेतला," तो म्हणाला. "फार मऊ बोलतो. तुझं विचारत होता. मावशींकडची मुलगी दिसत नाही हल्ली, बरी आहे ना, म्हणून."

मावशीच्या मांडीवर कुणाचा तरी स्वेटर होता. तिने मान वर केली नाही. समोरची खिडकी तिच्या कपाळाच्या रेषेत होती आणि तिथून कुणी बघत असेल तर त्याला तिचा चेहरा दिसू नये, एवढंच तिला सुचलं. ती उजव्या हाताने टाका घालत राहिली. मुलगी तापाने वर झोपली आहे, असं तिने चष्मेवाल्याला सांगितलं, आणि त्यानेही तसंच सांगावं म्हणून ते जरा मोठ्याने सांगितलं. मग पाणी प्यायला उठल्यासारखी उठून ती मागच्या अंगाला गेली आणि पोलीसबाईला फोन लावला.

त्याला चष्मेवाल्याच्या वरच्या खोलीतच पकडलं. खोलीत खिडकीपाशी एक खुर्ची होती आणि टेबलावर कात्री. कोर्टाचा हुकूम मोडला म्हणून त्याला कैद झाली, हाताच्या प्रकरणाची शिक्षा त्यात जोडली गेली. चष्मेवाला कितीतरी दिवस मावशीच्या दुकानात येईना. त्याच्या हातून घडलं ते मावशीच्याही हातून घडलं होतं, म्हणून एक दिवस रस्ता ओलांडून तीच त्याच्याकडे गेली. तिने सुई ओवून मागितली.

भाचीचा फोन पोलीसबाईच्या मार्फत आला. ती कामाला लागली होती, कुठल्या ते तिने सांगितलं नाही. मावशीने घडलं ते सांगितलं.

"मग आता मी परत येऊ?" भाचीने विचारलं.

मावशीला हो म्हणायचं होतं. वरच्या खोलीतली दुसरी गादी तिने अजून गुंडाळलेली नव्हती.

"नको," ती म्हणाली. "आत गेलेली माणसं बाहेर येतात. मी कुठे आहे ते त्याला पाठ आहे. तू कुठे आहेस ते मलासुद्धा कळू देऊ नकोस."