खंडेनवमीनंतरची कॉपी

कॉपीची कमांड टाइप करून झाली होती. रिटर्नची कळ दाबायची तेवढी बाकी होती. इतक्यात मेश्राम बाई म्हणाल्या, "थांबा साहेब. आधी मले कुहीची विहीर दाखवा."

मी वैतागलो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. नागपुरातल्या सदर भागातल्या आमच्या ब्रँचमधून माझे बॉस पांडेसाहेब यांचे दोन फोन येऊन गेलेले. आणि बाईंना विहीर पाहायची होती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. मी एका कंप्युटर कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर होतो. नागपुरातल्या एका सरकारी कार्यालयात विहिरींच्या नोंदी असायच्या. कोणत्या गावच्या कोणत्या विहिरीला कोणत्या महिन्यात किती खोल पाणी लागलं, याच्या तीस वर्षांच्या वह्या. मेश्राम बाई आणि त्यांच्या हाताखालच्या तिघींनी सव्वा वर्ष बसून त्या टाइप केल्या. वह्यांना वाळवी लागलेली, त्यामुळे टाइप झाली की वही रद्दीत जायची. टेपवर प्रत घ्यायचं मशीन बजेटमध्ये कापलं गेलं होतं. म्हणजे सगळ्या नोंदी एका डिस्कवर, आणि दुसरी प्रत जगात कुठेही नाही. 

अखेर आणखी एक डिस्क मंजूर झाली. त्या काळची डिस्क म्हणजे कपड्यांच्या कपाटाच्या अर्ध्या उंचीचं धूड. कंप्युटरला अशा दोनच डिस्क जोडता यायच्या. तिसरी जोडायची तर मध्ये एक्स्पान्शन बॉक्स लागे. घरात एका प्लगवर तीन वस्तू चालवायला आपण मल्टिप्लग लावतो, तसलाच प्रकार. फक्त या बॉक्सला एकही खटका नव्हता. त्याची सगळी सेटिंग्ज कन्सोलवरून कमांड देऊन करायची. कन्सोल म्हणजे टाइपरायटरसारखं यंत्र. आपण टाइप केलेलं आणि मशीननं दिलेलं उत्तर, दोन्ही कागदावर छापून यायचं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी बॉक्स बसवला. शून्य नंबर मशीनची स्वतःची डिस्क. एक नंबर बाईंच्या नोंदींची. दोन नंबर नवी, कोरी. एक नंबरला मी 'फक्त वाचा' असं कुलूप लावलं, म्हणजे चुकूनही तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. दोन नंबरला 'लिहा'. मग दोन नंबर फॉरमॅट केली, म्हणजे पाटी स्वच्छ पुसून घेतली. सगळं तपासलं. कॉपीला चार तास लागणार होते, आणि खंडेनवमीला मशीन बंद ठेवून पूजा करायची असं कार्यालयाचं ठरलेलं. म्हणून कॉपी दसऱ्यानंतर.

आणि आता ही विहीर.

"बाई, कॉपी झाली की दाखवतो ना."

"नाही साहेब. आमचा नियम आहे. मशीन बंद होऊन सुरू झालं, की आधी कुही गावच्या विहिरीची नोंद पाहाची. तिचे आकडे पाठ आहे मले. बरोबर दिसली, तरच कामाले बसाचं."

वाद घालण्यापेक्षा दाखवून मोकळं व्हावं म्हणून मी ती ओळ रद्द केली आणि एक नंबर डिस्कवरच्या फाइल्सची यादी मागवली. कन्सोल खडखडला. एकच ओळ आली. फाइल्स, शून्य.

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मला कागदावरून मान वर करवेना.

माझ्या मनात एकच आलं. त्या दिवशी मी फॉरमॅट मारली ती एकवर. चार बायकांचं सव्वा वर्ष मी दहा मिनिटांत पुसून टाकलं. 

नेमका तेव्हाच पांडेसाहेबांचा तिसरा फोन.

"हो गया क्या?"

"साहेब, एक नंबर रिकामी दिसतेय."

 त्यांनी विचारलं, "फॉरमॅट कोणती मारली होतीस?"

"दोन."

"पक्का?"

माझाच माझ्यावर भरवसा उरला नव्हता. पण कन्सोलचा कागद खोटं बोलत नाही. फोन ठेवून मी रोलमागे वाकून त्या दिवशीचा कागद शोधला. नव्हता. नीट रेघेवर फाडून नेलेला.

नामदेवराव हे तिथले शिपाई, रिटायरमेंटला आलेले. पूजेची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे.

"प्रसाद बांधाले घेतला साहेब," ते म्हणाले. "लिहेल कागद होता, म्हनून घेतला. कोऱ्याले हात नाही लावला."

"पुड्या कुठे आहेत?"

"वाटल्या. बाईची तेवढी ठेवून आहे, टेबलात."

बाई पूजेला नव्हत्या. दोन दिवस रजा काढून त्या दीक्षाभूमीवर आलेल्या लोकांना पाणी वाटत होत्या. त्यांनी खण उघडून पुडी काढली. खोबरं आणि साखरफुटाणे टेबलावर ओतले आणि तेलकट कागद खिडकीशी धरला.

"साहेब," त्या सावकाश म्हणाल्या, "इथं फॉरमॅट दोन लिहेल आहे."

मी तो कागद हिसकावूनच घेतला. फॉरमॅट दोन. माझंच टायपिंग. म्हणजे मी पुसली ती कोरीच. मग नोंदी गेल्या कुठे?

उठून डिस्कपाशी गेलो. तिन्ही धुडांवर झेंडूच्या माळा होत्या. प्रत्येक डिस्कच्या तोंडावर दुधी प्लॅस्टिकचं एक चौकोनी बटण असतं, त्यावर तिचा नंबर. बटण ओढलं की हातात येतं. त्याच्या मागच्या खाचांवरून मशीनला कळतं, ही डिस्क कोणती. मी नव्या डिस्कवरची माळ वर केली. बटणावर कुंकू होतं, आणि कुंकवाखाली आकडा होता एक. नोंदींच्या डिस्कवरची माळ वर केली. दोन.

"नामदेवराव, ही बटणं काढली होती?"

"धुतली ना साहेब! हळद-कुंकू लावाचं, मंग मळकी काहून ठेवाची? तिन्ही ताटात घेतली, धुतली, पुसली, परत लावली. कुठंबी बसते ते, सारखीच आहे."

कुठंही बसतात, हेच तर. शून्य तेवढं नशिबानं जागेवर लागलं, म्हणून मशीन सुरू झालं आणि कुणाला शंका आली नाही. माझं कुलूप शाबूत होतं. पण ते मी नंबरला लावलं होतं, डिस्कला नाही. बटण हललं तसं कुलूप कोऱ्या डिस्कवर गेलं, आणि बाईंच्या नोंदी उघड्या पडल्या. मी रिटर्न दाबला असता, तर मशीननं बिनतक्रार चार तास खपून कोरी पाटी भरलेल्या डिस्कवर उतरवली असती. शेवटी 'कॉपी पूर्ण' असंही छापलं असतं.

मशीन बंद केलं. बटणं बदलली. पुन्हा सुरू करून एक नंबरची यादी मागवली. कन्सोल खडखडायला लागला तो थांबेचना. गावामागून गाव. मग कुहीची फाइल उघडली, आणि विहीर आली, महिन्यांसकट, आकड्यांसकट.

"हेच," बाई म्हणाल्या. "माह्या माहेरच्या घरामागं आहे हे विहीर." आणि खुर्चीवर बसल्या. मी तर फरशीवरच बसलो. इतकं हलकं मला दहावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं. नामदेवराव दाराशी कावरेबावरे होऊन उभे.

"काहून गा भाऊ," बाई त्यांना म्हणाल्या, "मशीनले आंघोळ घालता?" मग आम्ही तिघंही हसत सुटलो, आणि टेबलावरचे साखरफुटाणे संपवले.

पांडेसाहेबांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "रिपोर्ट में पूजा मत लिखना." मी लिहिलं, 'युनिट नंबर चुकीचे होते, दुरुस्त केले.'

दुपारी कॉपी झाली. दोन्ही डिस्कवरची कुहीची विहीर बाईंनी आकडा आकडा ताडून पाहिली. मग कन्सोलचा सकाळचा कागद फाडून माझ्या हातात दिला. 'कॉपी एक ते दोन' ही माझी रद्द केलेली ओळ त्यावर होती. त्या ओळीनं काय झालं असतं, याबद्दल मी त्यांना अवाक्षर बोललो नव्हतो. त्यांनी ती कधीच वाचली होती.

"तुमच्यापाशी ठेवा साहेब," त्या म्हणाल्या. "प्रसाद बांधाले नका देऊ."

तो कागद अजून माझ्याकडे आहे. पुढे नोकरीभर कुठल्याही क्लायंटकडे कॉपी करायच्या आधी मी विचारायचो, तुम्हाला पाठ असलेली एखादी नोंद सांगा. लोक वेड्यात काढायचे. ती डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी रिटर्न दाबला नाही.