मिक्सरचं भूत आणि खंडेनवमी

२९ सप्टेंबर २०१७, शुक्रवार, खंडेनवमी. मुलीच्या कोर्सच्या अर्जाची फी पासष्ट डॉलर, आधीच भरलेली, परत न मिळणारी. सकाळी साडेसातला न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिल भागातल्या आमच्या घरात मी आणि माझी सतरा वर्षांची मुलगी असे दोघंच होतो. बायको हॉस्पिटलच्या फार्मसीत सकाळच्या ड्युटीवर गेली होती. मुलगी कॉम्प्युटरसमोर उभी होती. पडदा काळा होता, आणि कॉम्प्युटरच्या डब्यावर हळदकुंकवाची दोन बोटं उमटलेली होती.

"बाबा, इट्स ऑफ," ती म्हणाली. "व्हाय इज इट ऑफ?"

मला कारण लगेच कळलं, पण सांगायला धीर झाला नाही.

हे सगळं २०११ साली सुरू झालं. वेलिंग्टनचा हिवाळा म्हणजे आडवा पाऊस आणि वारा. रविवारी बाहेर पडता यायचं नाही म्हणून मी लायब्ररीतून डीव्हीडी आणायचो. एकदा जुन्या जपानी भुतांच्या गोष्टींची ॲनिमेशन मालिका हाती लागली. इंग्रजी अक्षरं भराभर जायची, मुलगी मागे पडायची, म्हणून मी मराठीत वाचून दाखवायचो. त्यात बर्फातून येणारी गोरी बाई होती, चेहराच नसलेला माणूस होता, मालकिणीच्या मरणाचा सूड घेणारं मांजर होतं. बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, भुताखेतांचं कशाला दाखवता पोरीला? रात्री माझ्याच कुशीत येऊन झोपेल." मुलगी शांत झोपायची. जागा मी राहायचो. त्या गोष्टींत भुतं फार ओरडत नाहीत. ती उभी राहतात आणि वाट बघतात, आणि ते मला सहन होत नसे.

मुलीला सगळ्यांत आवडली ती घरातल्या वस्तूंची गोष्ट. जपानी लोक म्हणत, भांडी, छत्र्या, कंदील शंभर वर्षं वापरात राहिले की त्यांच्यात जीव येतो. मग कुणी साफसफाई करताना त्यांना उकिरड्यावर टाकलं, की ती एका डोळ्याची, एका पायाची भुतं होऊन रात्री मालकाच्या दारात येतात. सहा वर्षांनी, ॲनिमेशनच्या कोर्सला अर्ज करताना, तिने हीच कल्पना घेतली. सहा मिनिटांची फिल्म केली. नायक होता आमचा मिक्सर. लग्नातला, पुण्याहून ॲडॅप्टरसकट आणलेला, हल्ली चालताना जळका वास येणारा. तो मी नुकताच कचरा डेपोत न्यायच्या खोक्यात घालून गॅरेजमध्ये ठेवला होता. फिल्ममध्ये तो डेपोच्या ढिगातून उठतो, इतर टाकलेल्या वस्तू गोळा करतो आणि आमच्या घरावर चालून येतो.

चित्रांची फिल्म बांधायला कॉम्प्युटरला चौदा तास लागणार होते. तिने गुरुवारी रात्री नऊला काम लावलं आणि पडदा बंद करून झोपली. शुक्रवारी अकराला फिल्म तयार, पाचच्या आत पाठवायची. कोर्सला जागा थोड्या होत्या आणि मुलाखतीला बोलावणं येणार की नाही हे ह्या एका फिल्मवर होतं.

मी बायकोला फोन लावला.

"अगं, सकाळी कॉम्प्युटर बंद केलास?"

"हो, भिंतीवरचं बटण बंद केलं. खंडेनवमी नाही का आज? यंत्रांना विश्रांती. दरवर्षी करते."

मुलीने फोन माझ्या हातातून घेतला आणि स्पीकर लावला. "आई, यू किल्ड माय घोस्ट्स!"

"माझ्या कुंकवाला घाबरली असतील," बायको म्हणाली, आणि मग तिला समजलं. ती हळूच म्हणाली, "मला वाटलं, पडदा काळा आहे म्हणजे बंदच आहे. काही उरलंय का ग?"

"नथिंग. इट वॉज वन फाईल."

"मग पुन्हा चालू कर. नमस्कार कर, चुकलं म्हण आणि चालू कर. आणि अहो, ते कुंकू पुसू नका."

मुलीने खरंच नमस्कार केला. तिची घाई बघून मला हसू आलं असतं, एरवी.

मी हिशेब मांडला. जोडणी आणि पाठवणी ह्यांना तासभर सोडला, तर आठ तासांत साडेतीन मिनिटांची फिल्म बांधून होईल. म्हणजे शेवटचा प्रसंग, भुतं घरावर चालून येतात तो, जाणार. ज्यासाठी सगळी फिल्म होती तेच नेमकं. तिने तेवढा भाग सोडून काम लावलं आणि डोकं धरून बसली. मी घरून काम करत होतो, पण काम काही केलं नाही. दर थोड्या वेळाने जाऊन आकडा बघायचो. वाऱ्याने कुंपणाचं फाटक आपटत होतं, ते बंद करून यायचो, ते पुन्हा सुटायचं.

"बाबा, स्टॉप वॉकिंग," ती म्हणाली. "यू आर द स्केरिएस्ट थिंग इन धिस हाऊस."

दुपारी ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच तिने मला हाक मारली. ओट्यावर बायकोने पूजा मांडली होती. माझं ड्रिल, शिलाई मशीन, सुऱ्या, विळी. झेंडू इथे ह्या दिवसांत मिळत नाही, म्हणून दारातल्या कोफाय झाडाची पिवळी फुलं. आणि ह्या सगळ्यांच्या मध्ये, खोक्यातून काढून पुसून ठेवलेला, कपाळाला कुंकू लावलेला मिक्सर.

"आय थॉट यू थ्रू इट आऊट."

"खोक्यात घातला होता. आईने काढला वाटतं."

मुलीने फोन काढला आणि ओट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, अगदी सावकाश, ते सगळं टिपून घेतलं. तोच तिचा शेवट झाला. मिक्सर डेपोतून उठतो, अंधारातून चालत घरी येतो, दार उघडतं, आणि आत ओट्यावर त्याची जागा रिकामी ठेवलेली नसते, तो स्वतःच तिथे बसलेला असतो, फुलांत. चालून येणं नाही, सूड नाही. मला तो शेवट बरोबर आहे की नाही हे तेव्हा कळलं नाही. तिने फिल्म पाठवली तेव्हा पाचला चार मिनिटं कमी होती.

मुलाखतीत तिला विचारलं, तुझं भूत सूड का घेत नाही? ती म्हणाली, आमच्याकडे वस्तूंना वर्षातून एकदा सुट्टी असते आणि कुणीतरी त्यांच्या पाया पडतं. नोव्हेंबरमध्ये तिला प्रवेश मिळाल्याची ईमेल आली. बायको रडली आणि लगेच म्हणाली, "पुढच्या वर्षी आधी सांग बाई, काय चालू असतं ते."

मिक्सर परत खोक्यात घालायला माझा हात होईना. तसाच नवा मिक्सर ऐंशी डॉलरला मिळत होता, आणि जुना डेपोत टाकायला पंधरा पुरले असते. मी तो गाडीत घालून पेटोनीला एका म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. मोटरचे कार्बन ब्रश आणि मजुरी मिळून त्याने एकशेदहा डॉलर सांगितले. मी घासाघीस केली नाही. एकशेदहा डॉलर, रोख, त्याच्या हातात दिले.