मावशीच्या मापाचा कोट

बाजारात तिला सगळे टाचणीबाई म्हणायचे. सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की संध्याकाळी ते खाली येईपर्यंत तिच्या ओठांत चार तरी टाचण्या धरलेल्या असायच्या, आणि त्या तशाच ठेवून ती बोलायचीही. नवं गिऱ्हाईक घाबरायचं. जुनं म्हणायचं, बाईच्या टाचण्या परवडल्या, बोलणं नको. "पोट आत घेऊन माप देऊ नका हो, घरी गेल्यावर सोडाल तेव्हा कपड्यानं काय करायचं?" असं ती भल्याभल्यांना तोंडावर सुनावायची. तरी लोक तिच्याकडेच यायचे, कारण कपडा अंगावर बसवावा तर तिनंच. दुकान ते केवढं? जिन्याखालची एक खोली, त्यात एक मशीन, एक इस्त्री, एक उंच आरसा आणि गिऱ्हाइकानं उभं राहायला एक ठेंगणं स्टूल.

या बाईला दुखणं एकच होतं आणि ते पोटातलं होतं. तिची सख्खी धाकटी बहीण.

आता धाकटीनं तिचं काही वाकडं केलं होतं का? मुळीच नाही. उलट नवरा गेला आणि टाचणीबाईनं दुकान टाकलं, तेव्हा "शाळा सुटली की पोरीला माझ्याकडे पाठव, ताई," असं धाकटी आपणहून म्हणाली. तिला मूलबाळ नव्हतं, घर दोन गल्ल्या पलीकडे. चांगली सोय झाली. पण त्या सोयीसोयीनं पोरगी तिकडचीच होऊन गेली, असं टाचणीबाईचं म्हणणं. म्हणणं कसलं, मनातल्या मनात जळणं. बोलली कुणाजवळ नाही कधी.

त्यात भर पडली त्या कोरियन मालिकांची. मावशी-भाची सोफ्यावर एका पांघरुणात पाय घालून बसायच्या आणि भागामागून भाग बघायच्या. आधी मालिका, मग तिकडची गाणी, मग ती गाणारी रंगीत केसांची पोरं, त्यातला कोण रुसलाय आणि कोण आजारी आहे. पुढे पोरगी ती भाषाही शिकली. टाचणीबाई लेकीला न्यायला जायची तेव्हा दोघी डोळे पुसत बसलेल्या असायच्या.

"काय झालं गं?"

"काही नाही ताई, ती त्याला सोडून गेली."

"कोण कुणाला?"

"तुला नाही कळायचं, आई. खूप मागचं आहे ते," पोरगी म्हणायची.

वाईट हेतूनं नव्हे हो, पण बाईच्या काळजात कळ उठायची. आपण दिवसभर मशीनवर मान मोडायची, आणि पोरीबरोबर बसून रडायचं सुख मात्र बहिणीला!

पोरगी शिकली, तिला दुसऱ्या गावी नोकरी लागली. जायला दोन महिने होते, तेवढ्यात मावशी-भाचीनं बेत केला की एकदा कोरियाला जाऊन यायचं. त्यांच्या लाडक्या मालिकेत दोन मैत्रिणी आहेत. सारखे हिरवे कोट घालून त्या एका चढणीवरच्या दगडी पायऱ्यांवर रोज भेटतात. त्या पायऱ्या तिथं खऱ्याच आहेत म्हणे. तर तसेच दोन कोट शिवायचे आणि त्या पायऱ्यांवर फोटो काढायचा. आणि कोट शिवणार कोण? टाचणीबाई! लेक आणि बहीण परदेशी मिरवणार, आणि हिनं त्यांचे कोट शिवून द्यायचे. मूग गिळून शिवले बिचारीनं. लेकीचा एक आणि अंगानं भरलेल्या धाकटीचा एक.

निघायला महिना उरला असताना धाकटी न्हाणीघरात घसरली. पाय मोडला. डॉक्टर म्हणाले, तीन महिने चढउतार बंद.

"ताई, माझ्या जागी तू जा," धाकटी पलंगावरूनच म्हणाली. "पोरीचा हिरमोड नको."

बघा, पाय मोडला तरी मोठेपणा तिचाच! टाचणीबाई वरवर म्हणाली, "छे गं, दुकान कोण बघणार?" आणि आतून असली हरखली की तिची तिलाच लाज वाटली. पोरीचा चेहरा मात्र उतरलेला आईनं पाहिला आणि तो तिच्या मनात रुतून बसला.

त्याच संध्याकाळी तिनं धाकटीचा कोट स्वतःच्या मापाचा करायला घेतला. आता या धंद्यात एक नियम आहे. कपडा आत घ्यायचा तर शिलाईच्या आतलं जादा कापड दुमडून ठेवायचं, कापायचं नाही. उद्या उसवून पुन्हा मोठा करता आला पाहिजे. हाताखाली शिकायला आलेल्या मुलींना हा नियम टाचणीबाईनं ओरडून ओरडून शिकवला होता. आणि त्या संध्याकाळी तिनं दोन्ही बाजूंचं जादा कापड कात्रीनं सरसर कापून टाकलं. आता हा कोट जन्मात धाकटीच्या अंगात जाणार नव्हता. वाईट वाटलं म्हणाल तर अजिबात नाही.

"मावशीचा कोट नुसता आत घेतलास ना, आई? परत आल्यावर मोठा करून देशील ना तिला?" पोरीनं विचारलं.

"हो तर," टाचणीबाई म्हणाली. टाचण्या तोंडात होत्या, त्यामुळे चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नव्हता.

विमानात खिडकीजवळची जागा पोरीनं आईला दिली. टाचणीबाईनं मनाशी एवढंच धरलं होतं, की या आठ दिवसांत पोरीनं एकदा, फक्त एकदा म्हणावं, "बरं झालं तूच आलीस." बाकी तिला काही बघायचं नव्हतं. ते एक वाक्य ऐकायला ती एवढ्या लांब निघाली होती.

कसलं काय! उतरल्या उतरल्या पोरीनं फोन काढला. "मावशी, बघ, पोचलो!" मग ते सुरूच झालं. खोली मिळाली, मावशीला दाखव. अंथरूण जमिनीवर घालायचंय, मावशीला दाखव. दुकानात गाणं लागलं, मावशीला ऐकव. मालिकेतला पूल दिसला तेव्हा तर पोरगी रस्त्यातच उड्या मारायला लागली आणि फोन आईच्या हातात देऊन म्हणाली, "आई, जरा धर ना, म्हणजे मावशीला मी आणि पूल दोन्ही दिसू." टाचणीबाई भर रस्त्यात हात लांब करून बहिणीला पूल दाखवत उभी राहिली. फोनमधून धाकटी म्हणाली, "ताई, थोडा डावीकडे घे गं!" ऐका! म्हणजे घरी पलंगावर पडूनही ही बया इथं आली होतीच, आणि आपण तिच्या फोनचा खांब!

तिनं प्रयत्न केले नाहीत असं नाही. एकदा तिनं विचारलं, "त्या दोघी मैत्रिणी रोज पायऱ्यांवर का भेटतात गं?"

"मोठी गोष्ट आहे, आई. तुला कंटाळा येईल," पोरगी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

पाचव्या दिवशी पायऱ्यांवर जायचं होतं. दोघी कोट घालून निघाल्या. वस्ती उंचावर, दोन्हीकडे जुनी बैठी घरं, कुंपणाला लावलेल्या कुंड्या, आणि चढण अशी की बोलायला श्वास उरेना. वर पोचल्या तर फोटोसाठी ही रांग! वीस-पंचवीस पोरी, कुणाकुणाच्या अंगात तसलेच कोट. चढून चढून पोरीला घाम फुटला होता. तिनं कोट काढून आईकडे दिला आणि केस नीट करायला फोनमध्ये बघू लागली.

शिंप्याच्या हातात कोट आला की तो काय करतो? अस्तर बाहेर काढून उलटा घडी घालतो. टाचणीबाईनं तेच केलं, आणि खांद्यापाशी तिचं बोट अडखळलं. आत हाताचे टाके होते. तिरके, लांब लांब, एक टाका मोठा नि एक छोटा. असले वेडेवाकडे टाके अख्ख्या जगात एकच बाई घालते. लहानपणी त्यावरून आईनं तिच्या पाठीत धपाटे घातले होते.

टाचणीबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

"हे कुणी केलं?"

पोरीनं वर पाहिलं आणि तिचा रंग उडाला. "मावशीनं. खांदे उतरत होते थोडे."

"मी शिवलेल्या कोटाला तिनं हात लावला?"

"आई, हळू बोल ना."

"का हळू? इथं कुणाला कळतंय? माझं काम तिनं दुरुस्त केलं? तिनं? जिला धड बटण लावता येत नाही?"

"याच कोटाला नाही," पोरगी खाली बघत म्हणाली. "सगळ्याच कपड्यांना करते ती. कॉलेजात गेले तेव्हापासून. तू शिवलेलं मला नेहमी सैल होतं."

रांग दोन पावलं पुढे सरकली. मागच्या पोरींनी खूण केली तशा या दोघीही सरकल्या. टाचणीबाईला वाटलं, कुणीतरी भर बाजारात आपली अब्रू काढली. अख्ख्या गावाचे कपडे बसवणारी बाई, आणि पोटच्या पोरीला तिचं शिवलेलं बसत नाही. बरं, हे बहिणीला वर्षानुवर्षं ठाऊक!

"मला का नाही सांगितलंस? माझ्यामागे दोघी बसून हसत असाल ना?"

"हसतोय कोण?" आता पोरीचाही आवाज चढला. "आणि तू काय केलंस मावशीच्या कोटाचं? केराच्या डब्यात हिरव्या पट्ट्या बघितल्या मी. कापून टाकलंस ना सगळं? आणि मला म्हणालीस, मोठा करून देईन."

टाचणीबाईनं तोंड दुसरीकडे फिरवलं. आज नेमक्या तोंडात टाचण्याही नव्हत्या.

"सांगितलंस तिला?" तिनं शेवटी विचारलं.

"नाही."

"का?"

"तिला वाईट वाटेल म्हणून. आणि..." पोरगी थांबली. "आणि तुझं नाव खराब होईल म्हणून."

म्हणजे मावशीला ठाऊक नसलेली एक तरी गोष्ट पोरीच्या पोटात होती! एवढ्या शरमेतही टाचणीबाईला त्याचं बरं वाटलं. काय करणार, माणूस असतंच तसं.

"पण सैल होतं तर मला सांगायचं ना, पोरी. मी एका मिनिटात..."

"तू माझं माप कधी घेतलंस, आई?"

"तुझं माप कशाला घ्यायला पाहिजे? माझ्या डोळ्यांत आहेस तू. मी तर सगळ्यांना सांगते, लेकीला टेप लावावी लागत नाही मला."

"तेच." पोरीचे डोळे भरून आले. "शाळेतून मी आधी तुझ्या दुकानात यायचे, आठवतं? तू कुणाकुणाच्या मुलींना स्टुलावर उभं करायचीस. त्यांच्याभोवती गुडघ्यांवर फिरायचीस. खांद्याला हात लावायचीस, हनुवटी धरून मान सरळ करायचीस. वळ बाळा म्हणायचीस. मला वाटायचं, आता मला उभं करील, आता करील. तू म्हणायचीस, मावशीकडे जा, इथं मध्ये मध्ये करू नकोस. जळायचे मी त्या पोरींवर, आई. अजून जळते."

जळणं म्हणजे काय ते टाचणीबाईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण ते आपल्यामुळे कुणाला झालं असेल, आणि तेही आपल्याच लेकीला, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

तेवढ्यात त्यांची पाळी आली. पुढची पोरगी फोटो काढून पायऱ्या मोकळ्या करून गेली. टाचणीबाईनं अंगातला कोट काढला, लेकीच्या हातातला फोन त्याच्या खिशात घातला, दोन्ही कोट कठड्यावर टाकले, पर्समधून टेप काढली आणि लेकीला धरून वरच्या पायरीवर उभं केलं.

"आई, काय करतेस? लोक बघताहेत! रांग आहे मागे!"

"बघू देत. सरळ उभी राहा. हात लांब कर."

ती खालच्या पायरीवर गुडघे टेकून बसली. घेर घेतला. उठली, पाठीमागे गेली, लेकीच्या मानेवरचे केस बाजूला केले आणि एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत टेप लावली. साडेचौदा. इतकी वर्षं ती साडेपंधरानं शिवत आली होती. तिच्या डोळ्यांत शाळेतली गुबगुबीत पोरगी होती, आणि हिचा खांदा केव्हाच इतका नाजूक झाला होता. पाठीची हाडं बोटांना लागत होती. शेवटचा हात या पाठीवरून कधी फिरवला, ते तिला आठवेना.

"वळ बाळा," ती म्हणाली.

पोरगी वळली. रडत होती आणि हसतही होती. रांगेतल्या पोरींना काय वाटलं कोण जाणे, दोघीतिघींनी टाळ्या वाजवल्या.

कठड्यावरच्या कोटाच्या खिशात फोन वाजू लागला. या वेळेला कोण करणार? पायऱ्या बघायला मावशी घरी वाट बघत बसली होती.

"मावशी असेल," पोरगी दोन्ही हात तसेच पसरून म्हणाली.

"असेल," टाचणीबाई म्हणाली. "हात खाली घेऊ नकोस, माप चुकतं."

फोन वाजत राहिला. खांद्याचं माप तिचं केव्हाच घेऊन झालं होतं. तरी तिनं टेप पुन्हा लावली, आणि या वेळी बोटानं दाबून, अगदी सावकाश.