नवऱ्याची तिसरी निवडणूक

माझा नवरा तीनदा निवडणुकीला उभा राहिला. पहिल्यांदा आमच्या गावच्या शाळाबोर्डासाठी, तेव्हा पडला. दुसऱ्यांदा त्याच बोर्डासाठी, तेव्हा निवडून आला. तिसऱ्यांदा एकदम अमेरिकन काँग्रेससाठी, म्हणजे थेट वॉशिंग्टनच्या संसदेत जायचं म्हणून. ही तिसरी निवडणूक ऐंशीच्या दशकातली. तेव्हा आम्ही डेट्रॉइटच्या बाहेर ट्रॉयला राहत होतो. अजूनही एखाद्या लग्नात कुणीतरी भेटतं आणि विचारतं, 'तुमचे मिस्टर काँग्रेसला उभे होते ना?' मी हो म्हणते. समोरच्या माणसाला आणखी काहीतरी ऐकायचं असतं, पण माझ्यापाशी फारसं काही नसतं. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तशी मी तो सगळा उन्हाळा वावरत होते. जेवत होते, नोकरीवर जात होते, फोटोत हसत होते.

आम्ही नागपूरला एकाच कॉलेजात होतो, त्यामुळे नवऱ्याला मी पहिल्यापासून एकेरी हाक मारते. इथे आल्यावर तो मोटारींच्या कंपनीत गिअरबॉक्सवर काम करायला लागला आणि मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. मुलगी इथेच जन्मली. आम्ही दोघांनी नागरिकत्वाची शपथही एकाच दिवशी घेतली. सगळं कसं रांगेत चाललं होतं. मग एका फेब्रुवारीत, जेवताना, आमटीत भात कालवता कालवता तो म्हणाला, "मी नोकरी सोडली."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"काँग्रेसला उभा राहतोय. आपला खासदार निवृत्त होतोय, जागा रिकामी आहे. कंपनी म्हणाली, दोन्ही जमायचं नाही. मग दिला राजीनामा."

दिला. देऊ का, असं नाही. तसं त्यानं मला कधीच काही विचारलं नव्हतं. अमेरिकेला यायचं, ट्रॉयला घर घ्यायचं, शाळाबोर्डाला उभं राहायचं, सगळं ठरवून झालं की मला सांगायचं, तेही प्रेमानं. वाईट माणूस मुळीच नव्हता. त्याच्या घरातली रीतच ती होती. त्याच्या वडिलांनी उभ्या जन्मात कुणाला काही विचारलं नाही आणि कुणाकडे काही मागितलं नाही, आणि घरात याचं फार कौतुक होतं.

मी एवढंच म्हटलं, "आणि पडलास तर?"

"पडलो तर संपलं. मग कुठेही नोकरी शोधीन." त्यानं भाताचा एक घास घेतला. मग मान वर न करता म्हणाला, "पण एकदा बघायचंय गं. पंधरा वर्षं झाली. आपण इथले आहोत की नाही, ते एकदा बघायचंय."

असल्या प्रश्नाचं उत्तर निवडणुकीत मिळतं का, असं मी म्हणू शकले असते. म्हटलं नाही. त्याचा चेहरा बघवत नव्हता. मी त्याला आणखी भात वाढला आणि बहुधा तेव्हापासूनच माझा तो गाल बधिर झाला.

प्रचार सांभाळायला पक्षानं एक बाई दिली. निवृत्त शिक्षिका, केस पांढरेशुभ्र, आवाज असा की आमची मुलगी वरच्या मजल्यावर पाय न आपटता चालायला लागली. बाईंनी पहिलं काम केलं ते नवऱ्याच्या नावाला कात्री लावायचं. छापायला सोपं असावं म्हणून अर्ध्याहून जास्त नाव गेलं. दुसरं काम त्याच्या बालपणाचं. पत्रकावर उमेदवाराची पार्श्वभूमी लागते आणि ती गरिबीची असली तर बरं, असं त्यांचं मत होतं.

"तुमचे वडील शेतकरी होते का?" बाईंनी विचारलं.

"वकील होते. दारात मोटार होती," नवरा म्हणाला.

बाईंच्या कपाळाला आठी पडली. मोटार काही उपयोगाची नव्हती. शेवटी पत्रकात छापून आलं की उमेदवार मध्य भारतातल्या एका छोट्या गावात वाढला. ते वाचून नवरा घरभर फिरला. "छोटं गाव? नागपूर छोटं गाव? अरे, राजधानी होती ती!" मला मात्र खूप दिवसांनी हसू आलं. पत्रकं छापून झाली होती, खोकी गॅरेजमध्ये येऊन पडली होती. तेव्हा नागपूर छोटं गाव ते छोटं गावच राहिलं.

खरी अडचण पुढेच होती. नवऱ्याला मत मागता येत नव्हतं. शाळाबोर्डाच्या वेळी नुसती पत्रकं वाटून भागलं होतं.

भाषण उत्तम करायचा. कारखाने, शाळा, कर, सगळं तोंडपाठ. पण दारात जाऊन 'मला मत द्या' हे शब्द काही त्याच्या तोंडून निघायचे नाहीत. बाई आमच्या स्वयंपाकघरात घरमालकीण होऊन उभ्या राहायच्या आणि नवरा मागच्या दाराबाहेर जाऊन बेल वाजवायचा. मग आत येऊन नाव सांगायचा, विचार मांडायचा आणि शेवटी म्हणायचा, "यू मे कन्सिडर." तुम्ही विचार करून बघा.

"नो," बाई म्हणायच्या. "आस्क."

एकदा बाई गेल्यावर तो माझ्यावरच वैतागला. "मी उभा आहे हे सांगितलं ना? मग माणूस उभा कशाला राहतो? हवा खायला? ते समजून घ्यायचं की नाही त्यांनी?"

त्याचंही बरोबर होतं, त्याच्या परीनं. त्याच्या घरी पानावर बसलेल्यानं काही मागायचं नसे. नको नको म्हणत ताटावर हात आडवा धरायचा, आणि वाढणाऱ्यानं आग्रह करून, हात बाजूला सारून वाढायचं. हा त्याच शिस्तीत वाढलेला. आता मिशिगनमधल्या लोकांच्या दारात उभा राहून तो आग्रहाची वाट बघत होता. आणि इथे दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही. नको म्हटलंत की भांडं पुढे जातं.

मुलगी बारा वर्षांची होती. सोफ्यावरून न उठता म्हणाली, "डॅड, जस्ट से इट. इट्स नॉट रूड."

तो शिकला. मेच्या सुरुवातीला अडखळत, जूनपर्यंत सराईतपणे. मी शनिवारी त्याच्याबरोबर जायचे. दारातला माणूस आधी आमची गाडी बघायचा. त्या काळात तिकडे लोकांच्या नोकऱ्या जात होत्या आणि परदेशी गाडीतून उतरलेल्या माणसाला कुणी दारात उभं करत नसे. आमची गाडी डेट्रॉइटचीच होती, गिअरबॉक्ससकट. मग तो माणूस नवऱ्याकडे बघायचा आणि विचारायचा, "कुठले तुम्ही?" नवरा आमच्या रस्त्याचं नाव सांगायचा. "नाही, मूळचे कुठले?" नवरा पुन्हा रस्त्याचंच नाव सांगायचा. आणि मग त्या माणसाच्या डोळ्यांत बघून म्हणायचा, "आय ॲम आस्किंग फॉर युअर व्होट." काही जण दार लावून घ्यायचे. बरेच जण हो म्हणायचे. मी शेजारी उभी राहून हसायचे, आणि मनात घरी कांदे संपलेत की नाहीत हे आठवत असायचे. अभिमान वाटायला हवा होता. वाटत नव्हता, आणि वाटत नाही याचं वाईटही वाटत नव्हतं.

जुलैत मराठी मंडळाची पिकनिक होती. ट्रॉय आणि आसपासची झाडून सगळी मराठी घरं तळ्याकाठच्या पार्कात जमली होती. तिथे सगळ्यांत जुनं कुटुंब म्हणजे काका आणि काकू. सगळेच त्यांना काका-काकू म्हणत. गणपती त्यांच्याच बेसमेंटमध्ये बसायचा आणि नवं कुणी आलं की पहिलं जेवण त्यांच्याकडे व्हायचं. नवरा तिथे श्रीखंड वाढत फिरला, मुलांबरोबर बॅडमिंटन खेळला आणि निवडणुकीबद्दल चकार शब्द बोलला नाही.

मी त्याला बाजूला घेतलं. "अरे, सगळे आयते जमलेत. चार शब्द बोल."

"छे! इथे? आपल्याच माणसांकडे काय मत मागायचं? ते देणारच. उलट मागितलं तर परकं केल्यासारखं होईल."

"लग्नात सख्ख्या काकांकडेसुद्धा अक्षत घेऊन जावं लागतं, विसरलास?"

"हे काय लग्न आहे?" तो हसला आणि पुन्हा श्रीखंडाचं भांडं घेऊन निघाला.

ऑगस्टच्या सुरुवातीला प्रायमरी झाली. नोव्हेंबरच्या खऱ्या निवडणुकीला पक्षातर्फे कोण उभं राहणार, ते ठरवणारी ही आधीची निवडणूक. तिला फारसं कुणी येत नाही, म्हणून एकेक मत भारी असतं. मी लॅबला जाण्याआधी मत देऊन आले. पडद्यामागे आमचं आडनाव छापलेलं बघितलं, मत दिलं, बाहेर आले आणि कामावर गेले. त्या दिवशी बरेच नमुने तपासायचे होते, त्यामुळे दिवस लवकर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं की तो पडला. अगदी थोडक्यात. बाईंचा फोन आला, त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. आणखी दोन-तीन गल्ल्या झाल्या असत्या तर, असं त्या म्हणत होत्या. नवरा फोन ठेवून गॅरेजमध्ये गेला आणि उरलेल्या पत्रकांची खोकी भिंतीला नीट लावून ठेवायला लागला. मी दारात उभी राहिले. "चहा करू?" म्हटलं. तो म्हणाला, "कर."

शनिवारी सगळे भेटायला आले. काकूंनी पिठलं-भात आणला. पिठलं-भात कोणत्या प्रसंगी दुसऱ्याच्या घरी नेतात, हे काकूंना माहीत नसेल असं मुळीच नाही, पण गडबडीत तेच होण्यासारखं होतं, असं त्या म्हणाल्या. सगळे हॉलमध्ये हळू आवाजात बोलत बसले. नवरा चहा देत फिरत होता. काकांना कप देताना तो म्हणाला, "काका, थोडक्यात गेलं हो."

काकांनी कप घेतला, पण ओठाला लावला नाही. "खरं सांगू? आम्ही गेलोच नाही रे मत द्यायला."

नवऱ्यानं हातातला चहाचा ट्रे टेबलावर ठेवला.

"तू त्या गोऱ्यांच्या घरोघर फिरलास. पेपरात तुझे फोटो बघायचो आम्ही. आमची बेल काही वाजवली नाहीस. पिकनिकला भेटलास, श्रीखंड वाढलंस, पण तोंडानं काही म्हणाला नाहीस. म्हटलं, असेल, आपली गरज नसेल."

"काका, तुम्हाला काय सांगायचं? तुम्ही घरचे."

"घरच्यांना आधी सांगतात," काकू म्हणाल्या. रागानं नाही, नुसतं सांगावं तसं.

मग एकेक जण बोलायला लागला. टेक्सासमधल्या अर्विंगहून नुकताच आलेला एक जण म्हणाला, "यार, एक फोन केला असता तर मी मतदार म्हणून रजिस्टर तरी केलं असतं." कुणी म्हणालं, आम्ही तो दिवसच विसरलो. कुणी म्हणालं, आमचं जायचं कॅन्सल झालं, आयत्या वेळी पाहुणे आले. त्यांतल्या निम्म्यांकडे अजून भारताचाच पासपोर्ट होता, त्यांना मत देताच आलं नसतं. पण रुसायला नागरिकत्व लागत नाही, तेही रुसले होते. नवरा सगळ्यांना एकच म्हणत होता, "चुकलंच माझं. खरंच चुकलं." निघताना काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "दोन वर्षांनी परत आहे ना? तेव्हा आम्ही सगळे तुझ्याबरोबर फिरू. पण ये बाबा घरी."

सगळे गेले. मुलगी वर गेली. मी भांडी घासत होते आणि नवरा पुसत होता. काकूंचं पिठल्याचं पातेलं त्यानं बराच वेळ पुसलं.

"तू गेली होतीस?" त्यानं विचारलं.

"गेले होते."

"मला दिलंस?"

"हो."

"तुलाही मी म्हटलं नव्हतं, नाही का?"

"नाही."

त्यानं पातेलं ओट्यावर ठेवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "परत उभा राहू का? तू सांग. तू म्हणशील तसं करतो."

उन्हाळाभर मी त्याचा दारातला आवाज ऐकला होता. हा तो नव्हता. हा अडखळत होता, आणि खरंच विचारत होता. आणि कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं, इतकं जोरात की हातातलं ताट खाली ठेवावं लागलं. मला भयंकर राग आला. इतकी वर्षं कुठे होतास, असा राग. त्याची दयाही आली. त्या दोन्हींच्या खाली जे खरं होतं, ते मी सांगितलं. विचारलं होतं म्हणून सांगितलं.

"नको," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. का नको, असं विचारलं नाही. फडकं झटकून दांडीवर टाकलं आणि पातेलं पोचवायला काकूंकडे गेला.

तो परत उभा राहिला नाही. थंडीत त्याला टेक्सासमध्ये नोकरी मिळाली, प्लेनोला. ती घेऊन झाल्यावर त्यानं मला सांगितलं. तिथलं घर त्यानं बघून पक्कं केलं आणि मग मला दाखवायला नेलं. चांगलं होतं घर. मला वाटलं होतं, आता विचारायला शिकलाय तर विचारत राहील. पण त्या शनिवारनंतर त्यानं मला कधीच काही विचारलं नाही.