विमानाखालचं बोलणं

"त्यांच्याच दारात आपण दोघींनी डबे बडवले! घसा बसेस्तोवर ओरडलो! आणि आता तू त्यांचाच बिल्ला छातीवर लावून—"

इथं विमान आलं. समोरच्या घरातली थोरली जाऊ उगारलेला हात तसाच वर ठेवून थांबली. धाकटी जिन्यात एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या, अशी थांबली. मी माझ्या खिडकीत टॉवेल पिळत होते, मीही थांबले. विमान छपरावरून गेलं, तावदानं थरथरायची राहिली, आणि थोरलीनं वाक्य जिथं टाकलं होतं तिथूनच उचललं.

"—मिरवणार?"

"ओरडून कुणी ऐकलं का, जाऊबाई? एक तरी साहेब बाहेर आला का? आता मी आत जाऊन सांगते."

"आत गेलेलं माणूस आतलंच होतं. आजपासून मी तुझ्याशी एक शब्द बोलायची नाही. समजलं?"

तेवढ्यात दुसरं विमान आलं. धाकटी रिवाजाप्रमाणे थांबली. थोरली थांबली नाही. तिचं तोंड चाललं होतं, हात चालले होते, मान चालली होती, पण त्यातलं अक्षर कुणाला कळायला? विमान गेलं तसं तिनं तोंड मिटलं आणि दार लावून घेतलं.

हे भांडण मी चोरून ऐकलं असं नाही. आमच्या गल्लीत चोरून काही ऐकूच येत नाही. विमानतळाची धावपट्टी आमच्या नाकासमोर सुरू होते, त्यामुळं इथं सगळे पहिल्यापासून वरच्या पट्टीत बोलतात. माझी नात म्हणते, "आजी, फोनवर बोलतेस की फोनशिवायच पोचवतेस?" आणि विमान आलं की थांबायचं, हे आमच्याकडे मूल चालायच्या आधी शिकतं. तोंडात घास असला तरी चावायचं थांबणारे लोक मी पाहिलेत.

आणखी एक आहे. विमानाखाली जो बोलतो, त्याचं बोलणं धरायचं नाही. ते बोललंच नाही असं समजायचं. ज्याला मनातलं काढायचंय पण भांडण नकोय, त्यानं विमानाची वाट बघावी. आमच्या ह्यांनी माझ्या हातच्या जेवणाबद्दलचं खरं मत जन्मभर विमानाखालीच दिलं. मीही त्यांच्या घोरण्याबद्दल, त्यांच्या बहिणीबद्दल बरंच काही दिलं. संसार सुखाचा झाला.

तर थोरलीनं त्या दिवशी शब्द दिला आणि वर्षानुवर्षं पाळला. धाकटीशी बोलायची ती फक्त विमानाखाली. म्हणजे नाहीच.

दोघी एकाच घरात राहायच्या, खाली थोरली, वर धाकटी. दोघींचे नवरे पाठोपाठ गेले, मुलंबाळं कुणालाच नव्हती. थोरली गाणं शिकवायची. गळा असा, की आमच्या भिंतीला टेकून ऐकत बसावं. पण सूर लावला की विमान, सूर लावला की विमान. शिकायला येणारे एकेक करून कमी झाले. म्हणून तर ती विमानतळाच्या फाटकाशी डबे बडवायला सगळ्यांच्या पुढं होती, आणि तिच्या मागं धाकटी. मग विमानतळानं आजूबाजूच्या वस्तीसाठी एक कक्ष काढला. लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, त्या आत पोचवायच्या, आतलं लोकांना सांगायचं, असं काम. त्यांना वस्तीतलंच माणूस हवं होतं. धाकटी गेली आणि बिल्ला घेऊन आली.

तिचं नाव माफीताई पडलं ते महिनाभरातच. दार उघडलं की पहिला शब्द "माफ करा हं". मग सांगायची, "वारा फिरलाय, आता दोन-चार दिवस सगळी विमानं तुमच्यावरून." लोक काय गप्प बसतात? शिंपी म्हणायचा, "वाऱ्याला नोकरीला कुणी ठेवलं?" कुणी दार आपटायचं, कुणी चहा द्यायचं, कुणी आधी आपटून मग द्यायचं. ती सगळं ऐकून घ्यायची. म्हणायची, "मला दोन्हीकडून बोलणी बसतात. इथले म्हणतात तू तिकडची, तिकडचे म्हणतात तू इथली. मी मधली!" आणि हसायची. घरी मात्र तिला बोलणारं कुणी नव्हतं. समजून घ्या.

पण तिनं कामं करून घेतली, हे मी कुणापुढंही सांगेन. पहाटे इंजिनं तापवून बघायचे ते आमच्या कुंपणालगत. ते तिनं लांबच्या टोकाला, भिंतीआड न्यायला लावलं. ते एका मागणीत झालं नाही. लोक ओरडायचे ते ती इथं ऐकायची आणि तिथं जाऊन अगदी हळू आवाजात रोज सांगायची. साहेब कंटाळले.

एकदा तिनं साहेबांनाच सभेला आणलं. शाळेच्या हॉलमध्ये आम्ही सगळे जमलो. साहेब बोलायला उभे राहिले, छान बोलत होते. मधे विमान आलं. आम्ही सगळे थांबलो, साहेब काही थांबले नाहीत! त्यांना काय माहीत? त्यांची कचेरी जाड काचेची. ते आपले हात हलवून हलवून बोलतायत, आणि विमान गेल्यावर म्हणाले, "आणि हेच मला तुम्हाला सांगायचं होतं. धन्यवाद." हॉलमध्ये जे हसू फुटलं! शिंपी ओरडला, "साहेब, विमानाखालचं आम्ही धरत नाही!" साहेब आधी गोरेमोरे झाले, मग माफीताईनं कानात सांगितल्यावर तेही हसले, आणि सगळं पुन्हा बोलले. त्यात होतं ते एवढंच, की धावपट्टीच्या रेषेतल्या घरांना विमानतळ दुहेरी काचेच्या खिडक्या बसवून देणार.

सगळ्यांनी हो म्हटलं. थोरली नाही म्हणाली.

"त्यांनी आवाज करायचा आणि मी खिडकी लावून बसायचं? चोरी त्यांची आणि कोंडून मला घालताय!" हे ती मला म्हणाली, पण तोंड जिन्याकडे होतं.

तोवर तिच्याकडे शिकायला एकच बाई उरली होती. निवृत्त बस कंडक्टर. धिप्पाड, आणि आवाज असा, की अजूनही शेवटच्या सीटपर्यंत पोचावा. हौस मोठी. पण तीही टेकीला आली होती. आणि थोरलीनं बोलून दाखवलं होतं, की कंडक्टरीण सुटली की मी बहिणीकडे जाणार, कायमची. गाणं नाही तर इथं राहून करू काय? बॅग भरून पलंगाखाली ठेवलेली मी स्वतः पाहिली.

हे माफीताईला कळलं माझ्याकडूनच. चहाचा कप तिनं खाली ठेवला, पुन्हा उचलला नाही.

"जाऊबाई गेल्या तर मी त्या घरात कुणाशी अबोला धरू?" म्हणाली. हसली नाही.

"मग सांग ना तिला."

"सांगितलं. जिन्यात उभी राहून सांगितलं, जाऊबाई, खिडक्या घ्या, गाणं राहील. बघत राहिल्या. विमान आलं तेव्हा भडाभडा काहीतरी बोलल्या. शिव्याच असणार. नंतर आत गेल्या."

आता खिडक्या बसवणारे गल्लीतलं काम आवरत आले होते. एकदा गेले की परत यायचे नव्हते. शेवटी बोलली ती कंडक्टरीण. तिला ना कुणाची भीड, ना अबोला. धडा चालू असताना विमान आलं, आणि ते गेल्यावर ती उठूनच उभी राहिली.

"बाई, माझा सूर रोज त्या विमानात बसून परगावी जातो. खिडकी बसवा, नाहीतर मी इथंच उतरते."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण दुसऱ्या दिवशी सुतार तिच्या खिडक्यांची मापं घेत होता.

खिडक्या बसल्या की कक्षाचं माणूस घरी येतं. खिडकी लावून बसायचं, एक विमान जाऊ द्यायचं, आणि घरच्यांना विचारायचं, आवाज कमी वाटतो का. हे काम माफीताईचं. म्हणजे इतक्या वर्षांनी तिला खालच्या घरात पाऊल टाकायचं होतं. थोरलीनं मला बोलावून घेतलं. "साक्षीदार म्हणून बस," म्हणाली. "ही बाई माझ्या तोंडी भलतंच घालेल." कंडक्टरीण होतीच.

माफीताई आली. बिल्ला सरळ केला. "माफ करा हं," असं खोलीला म्हणाली आणि खुर्चीच्या कडेवर बसली. बॅगेचा एक पट्टा पलंगाखालून बाहेर आला होता. तिनं तो पाहिला, मीही पाहिला. थोरलीनं खिडकी लावली, कडी ओढली, आणि तोंड फिरवून उभी राहिली. आम्ही विमानाची वाट बघत बसलो, जशी कधी कुणी बघितली नसेल.

आलं. काचेतून त्याचं पोट दिसलं, केवढं तरी मोठं. आवाज मात्र आला तो शेजारच्या खोलीत कुणी पंखा लावावा तेवढा. आणि थोरलीनं, जन्माची सवय, विमान दिसताच तोंड उघडलं.

"किती बारीक झालीये. वर एकटी काय शिजवते, काय खाते, देव जाणे. गुडघे धरून चढते, डॉक्टरकडे जा म्हटलं तर जाईल का? हट्टी मेली."

शब्दन् शब्द ऐकू आला.

थोरलीला ते कळायला जरा वेळ लागला. तिनं आधी आमच्याकडे बघितलं, मग काचेकडे, मग आकाशाकडे, जसं काही विमानानं तिला फसवलं. कंडक्टरणीनं तोंडावर हात दाबला, पण तेवढ्या देहातलं हसू हातात मावतं का? मी जमिनीकडे बघत बसले.

माफीताई खुर्चीच्या कडेवर तशीच होती. कामाचा प्रश्न तर विचारायलाच हवा. घसा खाकरून म्हणाली, "आवाज कमी वाटतो का?"

"मेली खिडकी," थोरली म्हणाली.

"जाऊबाई, इतकी वर्षं तुम्ही हेच बोलत होतात?"

"रोज नाही काही. शिव्याही असायच्या." मग खिडकीची कडी उगाच ओढून बघत, "सुरुवातीला तर नुसत्या शिव्याच."

"मला वाटलं होतंच."

"काय वाटलं होतं?"

"शिव्या."

आणि दोघी हसल्या. थोरली डोळे पुसत पुसत ओरडली, "हसतेस काय? गुडघे दाखव आधी!" माफीताईनं पायानंच तो पट्टा पलंगाखाली सरकवला. "ही बॅग रिकामी करा, मग दाखवते." कंडक्टरणीनं बॅग ओढून काढली आणि पलंगावर पालथीच घातली. मी चहा ठेवायला उठले, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

आता सगळं गोडगोड झालं असं लिहीन तर खोटं होईल. अंगणात आवाज आहे तो आहेच. खिडकी लावली की उकडतं, उघडली की विमान, त्यावरून दोघी रोज भांडतात, आणि आता ते भांडण आम्हाला ऐकू येत नाही म्हणून गल्लीला करमत नाही. पण थोरली गेली नाही. कंडक्टरणीनं तिच्या दोन मैत्रिणी आणल्या, एकीचा आवाज बराही आहे.

माफीताईचे गुडघे मात्र डॉक्टरनं बघितले आणि घरोघर जिने चढायला मनाई केली. गेल्या आठवड्यात तिचा कामाचा शेवटचा दिवस होता. पलीकडची मोठी धावपट्टी दुरुस्तीला काढलीये, महिनाभर सगळी विमानं आमच्या डोक्यावरून जाणार, हे सांगायचं होतं. कक्षाची नवी मुलगी म्हणाली, "मी जाते." ही म्हणाली, "उद्यापासून जा."

जिने चढायला थोरली बरोबर निघाली. माफीताई खाली उभी राहायची, थोरली वर जाऊन माणसाला कठड्याशी बोलावून आणायची, आणि मग खालून ही सांगायची. शिंप्याकडे आल्या तेव्हा मी माझ्या दारात होते.

"महिनाभर?" तो वरून ओरडला. "आणि माझी मशीन थरथरून टाका वाकडा जातो, त्याचं काय?"

"सकाळी किती वाजता जास्त जातो?" तिनं विचारलं.

तो सांगत राहिला, ती मान वर करून ऐकत राहिली. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "सांगते आत." आणि पुढच्या घराची घंटा वाजवली.