वाढत्या मापाची रायफल

मुलीची रायफल ठरवायची होती त्या शनिवारी मी कारखान्यातून थेट क्रीडाकेंद्रावर गेले. आमचा कारखाना डबे भरायचा. थंड खोलीत सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहून भातावर गाजराची फुलं ठेवायची, हे माझं काम. डबा येतो, फूल ठेवायचं, डबा जातो. काम वाईट नाही. बायका समजून घेतात, चुकलं तर हाताला धरून दाखवतात, ओरडत कुणी नाही. मला दुसऱ्या कुणी उभं तरी केलं असतं का, असं वाटतं आणि बरं वाटतं. पण पाळी संपली की खांद्यापासून खालचे हात कुणा दुसऱ्याचे असावेत तसे लोंबतात.

पर्समध्ये तिघांचीही जपानची रहिवासी कार्डं घेतली होती. आदल्या संध्याकाळी ती गोळा करताना नवऱ्यानं बघितलं. तो निशी-कसाईतल्या एका हॉटेलात तंदूर सांभाळतो.

"कार्डं कशाला?"

"बंदुकीचं काम आहे. कुणी विचारलं तर?"

"अगं, उजेडाची बंदूक आहे ती. गोळी नाही, छर्रा नाही. पोलीस काय करणार, उजेड जप्त करणार?"

त्याचं खरं होतं. इथे साधी छर्ऱ्याची रायफल घ्यायची तरी परवानगीची केवढी कटकट. म्हणून लहान मुलांना प्रकाशाची रायफल देतात. वजन, आकार सगळं खऱ्यासारखं. चाप ओढला की प्रकाश लक्ष्यावर पडतो आणि शेजारच्या पडद्यावर ठिपका दिसतो, नेम कुठे लागला ते. हे सगळं मला माहीत होतं. तरी कार्डं घेतली. परक्या मुलखात माझा जीव असाच मुठीत असतो, त्याला कारण लागत नाही.

मुलगी तेव्हा चौथीत होती. शाळेत कुणाशी फार बोलायची नाही. पोहणं झालं, बॅडमिंटन झालं, दोन्ही आपोआप सुटलं. मग वॉर्डाच्या क्रीडाकेंद्रात एका रविवारी मुलांना रायफल धरून बघायला दिली आणि ही तिथून हलेचना. घरी आल्यावर लाटणं खांद्याला लावून बाल्कनीतल्या कुंडीवर नेम धरत बसली. तिनं स्वतःहून काही मागितलं ते हेच.

शिकवायला एक वयस्क बाई होत्या. सगळे त्यांना सेन्सेई म्हणायचे, आम्हीही. त्यांची पद्धत अशी की पहिले काही शनिवार मुलांनी केंद्रातल्या हव्या त्या रायफली हाताळायच्या, मग एक ठरवायची. ती त्या मुलाच्या अंगाला बसवून द्यायची आणि पुढच्या वसंतापर्यंत तीच. मधे बदलायची नाही, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. आधीच्या शनिवारी त्यांनी पालकांना सांगितलं होतं, मुलीनंच मला मराठीत करून सांगितलं: "रायफल बसली नाही ना, तर मुलं तक्रार करत नाहीत. एका शनिवारी नुसती येत नाहीत."

ते वाक्य माझ्या मनातून जाईना. मी नववीत शाळा सोडली, तेव्हा मला कुणी काढलं नव्हतं. आधी एक सोमवार गेले नाही, मग मंगळवारही गेला. हिचं तसं होऊ नये, एवढंच माझं होतं. पदकबिदक कुणाला हवंय. धरलेलं एक काही टिकावं.

टेबलावर तीन रायफली मांडून ठेवल्या होत्या. एक लांबलचक काळी. एक मधली, लाकडी दस्त्याची. आणि एक आखूड, निळ्या दस्त्याची, खेळण्यातली वाटावी अशी.

माझं बोट काळीवर गेलं. विचार करावाच लागला नाही. आमच्याकडे मुलांच्या वस्तू वाढत्या मापाच्या घ्यायच्या असतात. बूट घेताना टाचेमागे बोट घालून बघायचं, जागा उरली तर घ्यायचे, पुढे कापूस कोंबायचा. वर्षभर तीच रायफल म्हणजे वर्षभर मुलगी वाढणार. आखूड घेऊन काय करायचं?

"त्यांना सांग, वाढतं अंग आहे," मी मुलीला म्हटलं.

ती सेन्सेईंशी जपानीत काहीतरी बोलली. बरंच लांब.

"काय सांगितलंस?"

"आई म्हणते, मी उद्या मोठी होणार आहे."

सेन्सेई हसल्या नाहीत. त्यांनी काळी रायफल मुलीच्या हातात दिली आणि डोळे मिटायला सांगितले. डोळे मिटूनच रायफल खांद्याला लावायची, गाल दस्त्यावर टेकवायचा, सैल उभं राहायचं. मग डोळे उघडायचे. रायफल अंगाची असेल तर नेम धरायचं भोक आपोआप डोळ्यासमोर येतं, शोधावं लागत नाही.

पोरीनं डोळे मिटले. दस्ता खांद्याच्या बाहेर आला, म्हणून तिनं खांदा मागे नेला. गाल पोचेना, म्हणून मान ताणली. कंबर अशी वाकली की मलाच कळ आली. माझे हात त्या दिवशी तसेही दुखत होते, पण ती कळ वेगळी.

"काय दिसतं?" तिनं डोळे उघडल्यावर सेन्सेईंनी विचारलं.

ती मराठीत, माझ्याकडे बघून म्हणाली, "होईल मला."

हे 'होईल मला' मी ओळखते. मावशीनं दिलेल्या चपला पायातून निसटत असताना मी हेच म्हणायचे.

सेन्सेईंनी निळी रायफल उलटी केली, दस्त्याच्या मागचे स्क्रू सोडवले आणि आतून पातळ पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. एक पट्टी लावली की दस्ता बोटाच्या पेराएवढा लांबतो, दुसरी लावली की आणखी. मूल वाढलं की पट्टी घालायची, रायफल तीच. वेगळी घ्यावी लागत नाही.

"अगं बाई, आत दुमड आहे हिला!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"दुमड म्हणजे?"

"फ्रॉकच्या खाली शिवताना आत घेतात ना ती. दरवर्षी थोडी उसवायची."

तिनं ते सेन्सेईंना सांगितलं. या वेळी त्या हसल्या. त्यांच्या आईनेही किमोनोला तसंच केलं होतं म्हणे. मला एकदम हलकं वाटलं. प्रश्न सुटला, आता निळी घ्यायची आणि घरी जाऊन पाठ टेकायची.

पण सेन्सेईंनी विचारलं ते मला नाही, तिला. कुठली?

पोरीनं आधी माझ्याकडे बघितलं. मग काळीवर हात ठेवला.

"अगं, ती मोठी होते तुला. निळी घे."

तिनं लगेच निळीवर हात ठेवला.

सेन्सेईंनी माझ्याकडे बघितलं. काळीवरचा हात माझ्यासाठी होता आणि निळीवरचाही माझ्यासाठीच. अशी माझ्या तोंडाकडे बघून घेतलेली रायफल किती शनिवार टिकणार?

"मी जरा बाहेर बसते," मी म्हटलं. "पाय दुखतात."

"आई, पण मला नाही कळत!"

"मला तरी कुठे कळतं? सेन्सेई आहेत ना."

बाहेर बाकावर बसले. भिंतीवर सूचना लावल्या होत्या, त्यातली एकही वाचता येत नव्हती. दरवेळी अशी पाटी दिसली की वाटतं, इथे बसायला मनाई असेल तर? तेवढ्यात एक कर्मचारी आला, मी उठून उभी राहिले. त्यानं वाकून नमस्कार केला आणि निघून गेला. परत बसले. आतून काही ऐकू येत नव्हतं. प्रकाशाच्या बंदुकीला आवाज नसतो, हे तेव्हा फार जाणवलं. डोळे मिटत होते, पण झोपायची भीती वाटत होती.

दार उघडून तिनं डोकं बाहेर काढलं. "ये आता."

टेबलावर काळी होती आणि निळी होती. मधली, लाकडी दस्त्याची, तिच्या हातात होती. ती माझ्या ध्यानातही नव्हती. निळी हलकी पडते, डुलते, असं तिचं म्हणणं. मधलीतही तशाच पट्ट्या होत्या, त्या सगळ्या काढून टाकल्या होत्या.

"रागावलीस?"

"नाही गं. कशाला रागावू? पण जड नाही ना होत? हात दुखला तर..."

ती ऐकतच नव्हती. तिनं डोळे मिटले, गाल टेकवला, उघडले. मान सरळ होती. पडद्यावर ठिपका पडला, कडेला. दुसरा त्याहून कडेला. मला राहवेना.

"घाई करू नको. आधी श्वास घे, मग..."

"आई, गप ना!"

सेन्सेईंनीही ओठांवर बोट ठेवलं. मी मागच्या खुर्चीत बसले, पर्स मांडीवर धरून. पुढचे ठिपके कुठे पडले ते धड दिसलं नाही, डोळ्यांत झोप होती. ओळखीची पाठ तेवढी दिसत होती, न ताणलेली. वेळ संपली तशा सेन्सेई दुसऱ्या मुलाकडे वळल्या.

"आणखी एकदा, चालेल?" ती जपानीत म्हणाली. एवढं जपानी मला कळतं. आणि ती मला नव्हे, सेन्सेईंना विचारत होती.