स्थिर दिसणारी चाळणी

चालत्या यंत्रावर नुसता तळहात ठेवून कुठलं बेअरिंग गेलंय, ते मकसूद तांबोळी सांगायचे. एका मोठ्या कारखान्यात त्यांनी पंचवीस वर्षं हेच काम केलं. मग कारखान्याने जुन्या माणसांना स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज वाटले. त्यातला 'स्वेच्छा' हा शब्द वाचून मकसूदभाई एकदाच हसले, सही केली आणि मार्केट यार्डामागे गाळा घेतला. तिथे ते औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळांतली घुसळणयंत्रं दुरुस्त करत. यंत्राच्या पाटावर काचेचे चंबू एका संथ वर्तुळात घुमत राहत, थेंबही सांडत नसे. ती चाल बघत ते जेवायचं विसरत.

२००९ साली कोथरूडचा शुभंकर त्यांना शोधत आला. कंपन्यांच्या जाहिराती करणारा पोरगा, बोलायला गोड.

"काका, धायरीत एक चाळणीचं मशीन शूट करतोय. परदेशी गिऱ्हाइकाला दाखवायचंय. फार हलतंय हो ते."

"चाळणी हलणारच की. न हलणारीला परात म्हणतात."

पण धायरीच्या शेडमध्ये पोचल्यावर त्यांचं तोंड कडू झालं. चाळणी गोल घुमावी आणि खालचा सांगाडा घट्ट उभा राहावा, ही साधी रीत. इथे सांगाडाच थडथडत होता. झाकणाचे बोल्ट सैल. म्हणून मुक्ताई नावाची बाई दिवसभर दोन्ही हातांनी झाकण दाबून उभी असे.

शुभंकरने आधी स्लो मोशनमध्ये चित्रण करून पाहिलं होतं. "मंद गतीत सगळं देखणं दिसतं, काका," असं म्हणत त्याने ते पडद्यावर लावलं. देखणं कसलं! प्रत्येक धक्का सुटा दिसत होता. बोल्ट भोकातून वर उठत होता, पावडर उसळत होती, मुक्ताईच्या दंडावरचं मांस लाटेसारखं कोपरापर्यंत हलत होतं. मकसूदभाईंनी मान फिरवली.

"कॅमेरा मशीनच्याच तालात हलला तर मशीन स्थिर दिसेल ना?" शुभंकरने विचारलं.

दिसेल, हे त्यांना ठाऊक होतं. आणि गणित इतकं सुरेख होतं की ते कशासाठी मांडायचं, हे त्यांनी विचारलंच नाही. या गोष्टीची शिसारी त्यांना पुढे सर्वांत जास्त आली. आठ दिवसांत त्यांनी लोखंडी हात बनवला, सांगाड्याला जखडला आणि त्यावर कॅमेरा बसवला. मागची भिंत हलताना दिसू नये म्हणून तिच्यावर काळं कापड टांगलं.

मशीन सुरू झालं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सांगाडा देवळाच्या खांबासारखा निश्चल. आणि त्याच्याशेजारी मुक्ताई नखशिखांत थरथरत होती, हिवताप भरल्यासारखी.

"बाईंना बाजूला घ्या रे," शुभंकर ओरडला. "फक्त हात राहू देत झाकणावर. आणि नेलपॉलिश लावा, नखं पांढरी दिसतायत."

मकसूदभाईंनी जाऊन ती बोटं हातात घेतली. थंडगार.

"कधीपासून?"

"वरीस झालं," मुक्ताई म्हणाली. "पीठ मळताना कळत न्हाई पानी गार हाय का गरम."

ते मालकांकडे, भीमराव खळदकरांकडे गेले. "तीन तास मशीन बंद ठेवा. वजनाचा तोल साधतो, बेअरिंग बदलतो, खाली रबर घालतो. मग कॅमेरा कुठेही ठेवा."

"तांबोळी, तुम्हाला कॅमेऱ्यासाठी बोलावलंय," भीमराव मोबाइलवरून नजर न उचलता म्हणाले.

"बरोबर आहे. मग कॅमेऱ्याचंच नेतो."

त्यांनी पाना काढला आणि स्वतःचा लोखंडी हात सोडवून स्कूटरला बांधला. वाटलं होतं, मुक्ताई तरी 'बरं केलंत' म्हणेल. ती म्हणाली, "भाऊ, आता आमचं काय फिलममदी येत न्हाई म्हणा. पोराला दाखवलं असतं."

घरी त्यांनी ताट सरकवलं. त्यांच्या बायकोने, आबेदाने, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्हाला किळस आली, तुम्ही निघून आलात. तिचे हात तिथेच राहिले ना?"

शुभंकरने त्या लोखंडी हाताचे फोटो काढून ठेवले होते. त्यावरून दुसऱ्याकडून तसाच हात बनवून घेतला. फिल्म झाली, ऑर्डर आली, शेड दुप्पट वाढली. चार महिन्यांनी मशीनचा पाया तडकला, तेव्हा भीमरावांचा फोन आला. मकसूदभाईंना त्या आवाजाचाही वीट आला होता, तरी ते गेले. यंत्राचा तोल साधला, झाकणाला नवे बोल्ट घातले, समोर आलेला चहा तसाच ठेवला.

मग मुक्ताईला बोलावून त्यांनी तिचा हात सांगाड्यावर ठेवला. "आता हलतंय का?"

तिने तळवा दाबून पाहिला, मग दुसराही हात ठेवला.

"मला कळत न्हाई, भाऊ," ती म्हणाली.